आमची उरलीसुरली पलटण

वीजमीटर पाहायला येणारा माणूस महिन्यातून एकदाच येतो, आणि नेमके त्याच दिवशी त्याने मला बघितले. मी बाल्कांवात जमिनीवर पालथा पडलो होतो. एक डोळा मिटलेला, नाकासमोर चार इंचांची तोफ, तोफेत वाळलेला वाटाणा आणि नेम एका उंटावर. त्याने मीटर वाचला, बिल हातात दिले आणि फाटकापाशी जाऊन विचारले, "भुरगीं खंय गेल्यांत?"

मुलगी क्लासला गेली होती. पण ते त्याला सांगण्याचा धीर मला झाला नाही.

तर वाचकहो, गुन्हा कबूल करतो. वय सेहेचाळीस, शिक्षण बीए (इतिहास), पोटापाण्याला सरकारी कारकुनी, रोज फोंडा-पणजी कदंबची वारी आणि रविवारी सकाळी खेळण्यातल्या शिपायांची लढाई. इंग्लंड-अमेरिकेत हा मोठ्या माणसांचा रीतसर छंद आहे. त्याला 'वॉरगेमिंग' म्हणतात. बोटाच्या पेराएवढे सैनिक विकत आणायचे, पुस्तके वाचून त्यांचे गणवेश रंगवायचे, टेबलावर डोंगर-नद्या मांडायच्या आणि फूटपट्टी नि फासे घेऊन लढायचे. ही मंडळी तपशिलाला फार कडक. एका वर्षाची टोपी दुसऱ्या वर्षाच्या पलटणीत दिसली तरी त्यांना खपत नाही. आमची पलटण त्यांच्यापुढे उभी केली तर काय होईल याचा विचारच न केलेला बरा.

कारण आमच्या पलटणीत एकूण त्रेचाळीस जण आहेत आणि त्यांतले कोणतेही पाच एका शतकातले नाहीत. मातीचे अकरा मावळे आहेत. त्यांतल्या चौघांचे भाले गेलेत, एकाचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. हिरव्या प्लास्टिकचे नऊ अमेरिकन शिपाई आहेत, जे पूर्वी जत्रेत पिशवीतून मिळायचे. कुवेतहून आलेले अडीच सेंटिमीटरचे चौदा इवलेसे सैनिक आहेत. सावंतवाडीचा एक लाकडी घोडेस्वार आहे. एक फलंदाज आहे, त्याची बॅट शाबूत आहे. वसुबारसेची एक गाय आहे. केकवरचा सुटाबुटातला एक नवरदेव आहे, नवरीचा पत्ता नाही. ख्रिसमसच्या गोठ्यातला एक राजा आणि त्याचा उंट आहे. एक रणगाडा आहे, एक वाघ आहे, आणि ज्याला चेहराच उरलेला नाही असा एक कोणीतरी आहे.

ही पलटण मी उभी केली असे मी सांगतो खरे, पण ती मुळात माझी नव्हे. दादाची.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आईचे माहेर बेळगावचे. (२०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी, पण आजोळाचे नाव कोणी अधिसूचनेने बदलत नाही.) आमच्या गोव्यात दिवाळी म्हणजे नरकासुर. रात्रभर जागायचे, पहाटे त्याला जाळायचे, घरी येऊन कारीट फोडायचे आणि पाच तऱ्हेचे फोव खायचे. ते झाले की आई मला घेऊन बेळगावची बस पकडायची, कारण तिथे दिवाळी म्हणजे किल्ला. बेळगावात अजूनही गल्लीगल्लीत किल्ले होतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर तांबड्या चिखलात बुडवलेली गोणपाटे, उतारावर पेरलेले हळीव नि मोहरी, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज आणि वाटेवाटेवर मावळे.

मावळे दर वर्षी थोडे विकत यायचे आणि थोडे मोडायचे. मोडलेला मावळा दादाने कधी टाकला नाही. तो झुडपाआड उभा करायचा, म्हणजे पाय दिसत नाही. मी गोव्याहून जे नेईन तेही त्याला चाले. शेजारच्या आंटीच्या गोठ्यातले दोन राजे फुटले, तेव्हा तिने तिसरा आणि त्याचा उंट मला देऊन टाकला होता. ते दोघे त्या वर्षी किल्ल्याच्या पायवाटेने चढताना दिसले. कुवेतला असलेल्या एका ओळखीच्यांनी ते इवले सैनिक आणले, तेही गडावर गेले. मी विचारले, "दादा, हे मावळ्याच्या गुडघ्याएवढेच आहेत की!" तो म्हणाला, "लांब आहेत रे ते. लांबनं बारीकच दिसतंय माणूस."

या उत्तरात काही चूक आहे असे मला आठ-नऊ वर्षे वाटले नाही.

मग मी शहाणा झालो. १९९६ ची दिवाळी. मी अकरावी-बारावीच्या वयाचा, कला शाखेचा विद्यार्थी आणि नुकताच इतिहासाच्या नादी लागलेला. दादा एव्हाना उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला लागला होता. त्या वर्षी गल्लीतल्या मंडळाने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली आणि मी सूत्रे हातात घेतली. प्रतापगड करायचा ठरला. पुस्तकातला नकाशा काढला, बुरूज मोजून बांधले. आणि आदल्या संध्याकाळी मी गडावरून एकेकाला उतरवू लागलो. फलंदाज, उंट, हिरवे शिपाई, नवरदेव. "हे त्या काळात नव्हते," हे वाक्य मी किती वेळा म्हटले असेन कोण जाणे. मोडके मावळेही काढले. परीक्षकांसमोर लंगडा मावळा बरा दिसत नाही म्हणून.

दादा कामावरून आला तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी होते. त्याने ते उलगडले. फाउंड्रीतल्या उरलेल्या ॲल्युमिनियमची त्याने स्वतः ओतलेली तोफ. आत पेनातली स्प्रिंग आणि चाकांच्या जागी दोन छोटी बेअरिंगे. वाटाणा घातला की पाच-सहा फूट उडायचा. मी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणालो, "शिवकाळात बेअरिंग कुठली?"

दादा म्हणाला, "बरं."

एवढेच. त्याने तोफ पुन्हा कागदात गुंडाळली, उतरवलेली सगळी मंडळी गोळा केली आणि आत नेली. दुसऱ्या दिवशी आमच्या शुद्ध प्रतापगडाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. पहिले बक्षीस ज्या किल्ल्याला मिळाले त्यावर विजेच्या मोटरीवर चालणारा धबधबा होता! बक्षीस घ्यायला दादा आला नाही. त्यानंतर माझे कॉलेज, मग परीक्षा, मग नोकरी. दिवाळीला आजोळी जाणे होत राहिले, पण आम्ही दोघांनी मिळून किल्ला पुन्हा केला नाही. भांडण झाले नव्हते, त्यामुळे समेट कशाचा करायचा हाही प्रश्नच होता.

गंमत पाहा. ज्या इतिहासाच्या नावाने मी त्या मंडळींना घरी पाठवले, तो पुढे बीएला नीट वाचायला लागलो तेव्हा दर चार पानांनी दादाचा किल्ला दिसू लागला. महाराजांनी आरमार उभारले तेव्हा सुरुवातीला जहाजे बांधायला पोर्तुगीज कारागीर होते. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ इब्राहिमखान गारद्याच्या हाती होते, आणि तो कवायत शिकला होता फ्रेंचांकडून. महादजी शिंद्यांच्या पलटणी बांधणारा द बॉइन्य हा आल्प्सच्या डोंगरातल्या सॅव्हॉयचा. पोर्तुगीजांच्या बाजूलाही तेच. इथल्या गावांतले शिपाई आणि मोझांबिकहून आणलेले आफ्रिकी शिपाई एकाच झेंड्याखाली. एकसारख्या अंगरख्यातली, एकाच मापाची, सगळी धडधाकट अशी जी सेना मला गडावर हवी होती, ती कोणत्याच गडावर कधी नव्हती. रणगाडा मात्र नव्हता. तेवढा मुद्दा माझा बरोबर होता.

आणि आपल्या गोव्याची तर गोष्टच वेगळी. जुन्या गोव्यात डोंगरावर सांत आंतोनचे कपेल आहे. पोर्तुगीज अमदानीत या संताला सैन्यात कॅप्टनचा हुद्दा होता, आणि पगारही. वर्षातून एकदा त्याची मूर्ती मिरवणुकीने खजिन्यात नेऊन तो पगार उचलला जाई. एका गव्हर्नराने ही प्रथा बंद केली, तो संताच्या फेस्ताच्या दिवशीच जिन्यावरून पडला आणि पगार पुन्हा चालू झाला, असे सांगतात. मी रोज पगारबिलांत बुडालेला माणूस. शेकडो वर्षांपूर्वी स्वर्गवासी झालेल्या शिलेदाराचे बिल पास करणाऱ्या त्या अज्ञात कारकुनाबद्दल मला फार आपुलकी वाटते. त्याला कोणी विचारले असेल का, की हा त्या काळातला आहे का म्हणून?

हे सगळे दादाला सांगायचे मनात होते. फोनवर सांगण्यासारखे ते नव्हते आणि प्रत्यक्ष भेटीत कोणाचे तरी लग्न, कोणाचे तरी बारावे असायचे. २०२१ च्या मे महिन्यात दादा कोविडने गेला. आमच्या घरात त्या आठवड्यात दोघे तापाने आडवे होते, राज्याराज्यांच्या सीमेवर निर्बंध होते. फोंड्याहून बेळगाव ते किती लांब! पण मला जाता आले नाही. मी मोबाइलच्या पडद्यावर सगळे पाहिले. माणसे बोटाच्या पेराएवढी दिसत होती.

२०२२ च्या दिवाळीत मामीने माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढायला लावला. "तुझीपण आहेत की ही. घेऊन जा." डबा उघडला तर सगळे आत. प्रत्येकजण जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात वेगळा गुंडाळलेला, तोफेसकट. झाकणावर दादाने रंगाच्या कुंचल्याने एकच शब्द लिहिला होता. पण ते पुढे सांगतो.

घरी आणून डबा तसाच महिनाभर कपाटावर होता. सैनिकांचे करायचे काय? सेहेचाळिशीला पोचत आलेल्या माणसाने किल्ला बांधायचा की काय? आमच्या लाल मातीच्या अंगणात तो शोभलाही असता, पण उपाय सुचवला एका भलत्याच माणसाने. 'टाइम मशीन'वाला एच. जी. वेल्स. या गृहस्थाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहिले, खेळण्यातल्या सैनिकांशी लढाई कशी खेळावी याचे. विल्यम ब्रिटन या खेळणीवाल्याने १८९३ पासून शिशाचे पोकळ, म्हणून स्वस्त, सैनिक काढले होते आणि घराघरांत ते साठले होते. वेल्सने त्यांना नियम दिले. पायदळाने एका खेपेत एक फूट चालायचे, घोड्याने दोन. तोफ उडवायची तर जवळ किमान चार माणसे जिवंत हवीत. तोफ स्प्रिंगची, गोळा लाकडाचा. पुस्तकाच्या नावातच लिहिले आहे की हा खेळ बारापासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. म्हणजे मला अजून शंभरएक वर्षे हाताशी होती!

वेल्स युद्धखोर नव्हता, उलट होता. जमिनीवरची ही लढाई दोन-चार वेळा खेळला की माणसाला कळते, खरे युद्ध किती मूर्खपणाचे असते, असे त्याचे म्हणणे. पुस्तक आले त्याच्या पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. त्याचे कोणी ऐकले नाही, ही गोष्ट वेगळी.

स्प्रिंगची तोफ माझ्याकडे होतीच. मग कामाला लागलो. सैनिक उभे राहायला बैठक लागते. लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे कापून त्या केल्या (कार्यालयातल्या फायलींचे पुठ्ठे अधिक चांगले झाले असते, पण ते सरकारी). मातीच्या मावळ्यांना गेरू आणि पोस्टर कलर दिला. तुटलेले हात जोडायचा मोह आवरला. दादाने जोडले नव्हते. ज्याला चेहरा नव्हता त्याला मुलीने डोळे काढायला घेतले, तेव्हा तिलाही थांबवले. लंगड्या मावळ्याला फक्त एक आगकाडी आधाराला लावली.

मग पदे ठरली. गोठ्यातल्या राजाला कॅप्टन केले, सांत आंतोनच्या मानाने. उंट तोफखान्याकडे. फलंदाज बुरुजावर, कारण शत्रूचा वाटाणा त्याच्या बॅटला लागून परत गेला तर तो बाद धरायचा नाही, असा नियम मुलीने केला. गाय हलत नाही आणि तिच्या पलीकडे गोळी झाडता येत नाही; म्हणून ती सैन्यातली सर्वांत उपयोगी. चौदा इवल्यांना एक नियम खास: ते लांब आहेत असे समजायचे, त्यामुळे त्यांना लागलेला पहिला वाटाणा धरायचा नाही. नवरदेवाचे काय करावे ते कळेना. शेवटी त्याला दुय्यम लेखनिक नेमले. सुटाबुटातला, गोंधळलेला आणि कोणाची तरी वाट पाहणारा. असा एकजण प्रत्येक कार्यालयात असतोच.

शत्रू म्हणून बुद्धिबळाच्या सोंगट्या. डावातून हरवून सत्तावीस उरल्यात, पण कशा शिस्तीच्या! एकसारख्या, चकचकीत, प्रत्येकाची चाल ठरलेली. बहुतेक वेळा आम्ही १६८३ चा फोंड्याचा वेढा खेळतो. व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट फोंड्याच्या कोटावर तोफा घेऊन चालून आला होता, संभाजी महाराज धावून आले आणि त्याला मागे फिरावे लागले. तेव्हाचा कोट आमच्या घरापासून फार लांब नव्हता. आमचा कोट म्हणजे उलटे ठेवलेले सूप आणि चार पुस्तके. अंतर मोजायला सुरुवातीला वीत घेतली. माझी वीत मोठी, मुलीची लहान. तिसऱ्या डावातच तंटा झाला आणि शाळेची पट्टी आली. आजवर झालेल्या लढायांत आम्ही निम्म्याहून जास्त हरलोत. सोंगट्या बरोबर ओळीत येतात. आमचा रणगाडा मात्र चाके अडकून उंबऱ्यापाशीच बसतो.

कारकुनाच्या हातात माणसे दिली की तो पहिल्यांदा रजिस्टर उघडतो. मीही हजेरीपट केला. क्रमांक, वर्णन, हुद्दा, रुजू झाल्याचे वर्ष, शेरा. आणि इथेच अडलो. १९९६ पर्यंत सगळे कामावर. पुढे २०२२ पर्यंत सव्वीस वर्षे काहीच नाही. आमच्या भाषेत याला 'सेवेतील खंड' म्हणतात. फार वाईट गोष्ट. मागची सगळी नोकरी बुडते. तो क्षमापित करायचा तर सक्षम अधिकाऱ्याची सही लागते. खंड पाडला मी. क्षमापित मीच कसा करणार? आणि ज्याने करायचा तो नव्हता.

वही उघडी ठेवून बसलो असताना नजर डब्याच्या झाकणाकडे गेली. दादाने लिहिलेला तो शब्द मी वाचला होता, पण त्याचा अर्थ कारकून म्हणून लावला नव्हता. झाकणावर लिहिले होते: 'रजेवर'.

मंजूर रजा म्हणजे सेवेतील खंड नव्हे. नियम स्पष्ट आहे. मी ज्यांना बडतर्फ केले समजत होतो, त्यांना त्याने त्याच रात्री रजा देऊन टाकली होती. त्रेचाळीस नावांपुढे मी तसा शेरा लिहिला आणि 'मंजूर करणारा' या रकान्यात दादाचे नाव.

२०२३ च्या दिवाळीला चोर्ला घाटाने बेळगावला गेलो तेव्हा डबा मांडीवर होता. मामीच्या दारात, जुन्याच जागी, मी आणि मुलीने लहानसा किल्ला केला. कोणताच गड नव्हे, नुसता किल्ला. हळीव पेरायला उशीर झाल्यामुळे ते उगवलेच नाहीत. सगळी पलटण चढवली, बेअरिंगची तोफ महादरवाजात. गल्लीतली पोरे जमली. त्यांच्यातला एक चष्मेवाला, अगदी माझ्या त्या वयाचा, म्हणाला, "काका, मावळ्यांत उंट नव्हते."

मी तोंड उघडणार तोच उंबऱ्यावर बसलेली मामी म्हणाली, "नव्हता ते बरोबर हाय. लांबनं आलाय तो. बसू दे की जरा."

पोराला ते पटले नाही. पटू नयेच, त्याने अजून वाचावे. पण त्याने जाताना वाकून तोफेत वाटाणा घातला आणि तो उडाल्यावर खदखदून हसला.

परतायच्या दिवशी डबा भरताना बेचाळीसच भरले. लंगडा मावळा सापडेना. मुलगी किल्ल्यातली माती उकरायला निघाली, तेव्हा मामी आतून म्हणाली, "शोधू नको. तो हितं ऱ्हाऊ दे." तो कोनाड्यात होता, रेडिओशेजारी, आगकाडीच्या आधाराने भिंतीला टेकून.

फोंड्याला आल्यावर हजेरीपट उघडला आणि क्रमांक सातपुढचा शेरा बदलला. आता तिथे लिहिले आहे: प्रतिनियुक्तीवर, बेळगाव.